कूर्मनिवासाचे अंदाजपत्रक

ज्या खात्यात मी ३४ वर्षे नोकरी केली त्या खात्याचे नाव येथे मुद्दामच घेत नाही. एक तर निवृत्तिवेतन अद्याप चालू आहे, आणि दुसरे असे की, त्या खात्याने बांधलेल्या ज्या इमारती अजून उभ्या आहेत त्यांतील रहिवाशांना माझा ठावठिकाणा कळावा अशी माझी इच्छा नाही. एवढेच सांगतो की, या कारकीर्दीत मी मोऱ्या बांधल्या, साकव बांधले, दवाखाने, धान्याची कोठारे आणि नोकरवर्गाकरिता चाळींमागून चाळी बांधल्या. परंतु आत राहावयास येणाऱ्याला ‘बाबा रे, तुला काय हवे?’ असे विचारण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. मंजूर नमुना असे, त्यावर हुजूरचा सही-शिक्का असे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जेथे वर्षाला २०० इंच पाऊस कोसळतो तेथेही, व खानदेशात जेथे वैशाखात पत्र्यावर पापड भाजून निघावा तेथेही, तोच नमुना, त्याच खिडक्या आणि तोच दीड हाताचा ओटा उभा राही. घाटमाथ्यावरच्या एका कारकुनाने, ‘भिंतींस ओल येऊन मुलांमाणसांस खोकला जडला आहे, तरी हुजुरांनी मेहेरबान होऊन पाहणी करावी,’ असा अर्ज गुदरला असता, मी त्यावर ‘इमारत नमुन्याबरहुकूम आहे; सबब अर्ज दप्तरी दाखल’ असा शेरा लाल शाईने मारल्याचे मला चांगले स्मरते. शेऱ्याचे अक्षर सुंदर आले होते.

हे सर्व आठवण्यास कारण झाली तीन कासवे.

गेल्या आश्विनात आम्ही उभयता इंग्लंडात लेस्टर येथे मुलीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो. आमच्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराचा कब्जा घेतला आणि दुसऱ्या दिवशी तेथील डब्यांची फेरमांडणी करून मुलीला स्वतःच्याच घरात साखर कोठे आहे हे विचारावयास लावले. मुलगी व जावई कामावर, ११ वर्षांची नात शाळेत, आणि मी मात्र खिडकीपाशी बसून, पडतो आहे की नाही याचा शेवटपर्यंत पत्ता लागू न देणारा तो इंग्रजी पाऊस पाहत असे. चौथ्या दिवशी मुलीला माझी दया आली असावी, अथवा माझ्या सूचनांचा कंटाळा आला असावा. ती मला मागच्या बाजूच्या खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, “बाबा, जन्मभर लोकांची घरं बांधलीत ना? आता यांची बांधा.”

खोलीत तीन निरनिराळ्या पेट्यांत तीन निरनिराळी कासवे होती. एक नातीसाठी रीतसर विकत घेतलेले, दुसरे गाव सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी गळ्यात घातलेले, आणि तिसरे जावयाच्या कचेरीतील कोणा गृहस्थाने, ‘आमच्याकडे बाळ येणार आहे,’ या सबबीवर सोपविलेले. प्रत्येक पेटीवर नातीने एकेक पुठ्ठ्याचे कार्ड चिकटविले होते, आणि रविवारच्या मराठी शाळेत कमावलेल्या तिच्या तिरप्या देवनागरीत त्यावर नाव, मूळ गाव, तापमान, ओलावा, आहार आणि स्वभाव अशी सदरे भरलेली होती. इतका मुद्देसूद तक्ता आमच्या खात्यात भल्याभल्या अव्वल कारकुनांना साधत नसे.

कासव म्हटले की मराठी माणसाला तीन गोष्टी आठवतात: देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेले दगडी कासव, सशाबरोबरची ती शर्यत, आणि नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करणारी संतवाङ्मयातील कासवी. मला चौथीही आठवली, ती म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. पाठीवर चांदण्या कोरल्यासारखे दिसणारे आपल्याकडील स्टार कासव घरात बाळगणे म्हणजे वनखात्याच्या मंडळींना स्वखुशीने चहाला बोलावणे होय. २०१९ पासून तर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी झाली आहे. सबब मी आवाज खाली आणून विचारले, “यांची कागदपत्रं आहेत का?”

मुलीने फडताळातून एक दाखला काढून माझ्या हाती दिला, आणि त्या क्षणापासून इंग्लंडविषयी माझे मत बरे झाले. नातीच्या पहिल्या कासवाची जात हरमन. भूमध्य समुद्राच्या काठी स्पेनपासून बाल्कनपर्यंत तिची वस्ती. पूर्वी ही कासवे जहाजे भरभरून इंग्लंडात येत, खेळण्यांसारखी विकली जात आणि त्यांतील कित्येक पहिलाच हिवाळा न काढता मरत. म्हणून १९८४ साली युरोपीय समुदायाने ही आयात बंद केली. आता घरच्या पैदाशीचे कासव विकावयाचे झाले तरी कलम १० चा दाखला लागतो, आणि पोटाकडचे कवच १०० मिलिमीटरांपुढे गेले की मागच्या पायाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती सरकवून तिचा क्रमांक दाखल्यावर नोंदवितात. कलम, दाखला, क्रमांक! या कासवाला मी तत्काळ ‘हरमनपंत’ म्हणू लागलो. उरलेल्या दोघांच्या जातींना असा दाखला लागत नाही असे कळले, तेव्हा बिनसनदी इनामदाराकडे पाहावे तसे मी त्यांच्याकडे काही दिवस पाहिले.

त्यांपैकी एक मध्य आशियातील स्टेपी कासव, ज्याला इंग्रज हॉर्सफील्ड म्हणतात; कझाकस्तानापासून अफगाणिस्तानापर्यंतच्या ओसाड माळरानांतील हा रहिवासी, म्हणून तो ‘खानसाहेब’. दुसरी दक्षिण अमेरिकेतील रानांच्या कडेची, काळ्या पायांवर तांबडे खवले असलेली, म्हणून ती ‘तांबडेबाई’. नात म्हणाली, “आबा, तुम्ही सगळ्यांना ऑफिसातली नावं का देता?” दुसरी कोणती देतात ते मला ठाऊक नव्हते.

हरमनपंतांची राहण्याची सोय तोवर एका काचेच्या टाकीत, म्हणजे मूळच्या मत्स्यालयात होती. काच ही वस्तू कासवाला उमगत नाही. पलीकडे जे दिसते तेथे जाता आलेच पाहिजे, अशी त्याची सरळ समजूत असते. त्यामुळे पंत सकाळपासून संध्याकाळपर्यंत काचेला नाक लावून, पुढच्या पायांनी ती खरवडत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत येरझारा घालीत. ‘भोजनाची सुट्टी’ अशी पाटी लावलेल्या गवाक्षापुढे उभ्या असलेल्या अर्जदाराच्या तोंडावर मी हा भाव हजारदा पाहिला होता, परंतु त्या वेळी मी गवाक्षाच्या आतल्या बाजूस असे. यावर इंग्रजांचा उपाय साधा आहे: काच नको, लाकडी भिंतीचे, वरून उघडे असे टेबल बांधावे. भिंत अपारदर्शक असली की कासव ती हद्द म्हणून मुकाट्याने मान्य करते. दोन पिढ्या चाललेले बांधांचे दावे पाहिलेल्या माणसाला हे ऐकून गहिवरून येते.

मी अंदाजपत्रक तयार केले. टेबल सहा फूट बाय तीन, भिंत दीड फूट, प्लायवूड अमुक, स्क्रू तमुक, सुतार एक, बिगारी एक. ‘बिगारी’ या शब्दापाशी जावई काही वेळ थांबले, आणि मग अत्यंत आदराने म्हणाले, “बाबा, इथं ते आपणच.” अशा रीतीने, जन्मभर छत्रीखाली उभे राहून दुसऱ्यांच्या भिंतीला ओळंबा लावणारा मी, वयाच्या ६८ व्या वर्षी गुडघ्यावर बसून स्वतः करवत चालवू लागलो. पहिल्या दिवशी पाणसळ ठेवून पाहिली तर बुडबुडा असा एका टोकाला जाऊन बसला की, एखाद्या कंत्राटदाराचे काम असते तर मी त्याचे बिल अडकविले असते.

आपल्या वास्तुशास्त्रात मध्ये उंच व चहूकडे उतरत्या भूमीला कूर्मपृष्ठ म्हणतात आणि ती निवासाला शुभ मानतात. म्हणजे कासवाच्या पाठीसारख्या जागेवर माणसाने घर कसे बांधावे याचा विचार पूर्वसूरींनी केला. खुद्द पाठीच्या मालकाने कोठे राहावे यावर मात्र ग्रंथ मौन आहेत. तेव्हा मी आमच्या राजापूरकडच्या घराचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवला. एका टोकाला ओटी, जिच्यावर दिव्याचे ऊन. मध्ये माजघर, जेथे जेवण. आणि दुसऱ्या टोकाला काळोखी बाळंतिणीची खोली, म्हणजे अर्धी मातीत पुरलेली आडवी कुंडी, जिच्यात शिरून निजावे. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती त्याला बाहेरून उचलावी लागते. म्हणून दिव्याखाली ३५ अंश आणि पलीकडच्या टोकाला २० ते २२ अंश असा उतार राखावा लागतो, आणि आपल्याला किती हवे ते ठरवून कासव त्या उतारावर दिवसभर जा-ये करते. ओटीवर, दिव्याच्या बरोबर खाली, मी वेल्समधल्या पाटीच्या दगडाची एक फरशी बसविली. ती तापते, तापलेली राहते, आणि तिच्यावर चालून नखेही झिजतात. शहाबादी फरशीचे हे गुण मी सरकारी खर्चाने शेकडो ब्रास फरशी बसवूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी हरमनपंत कुंडीतून बाहेर आले, सावकाश ओटी चढले, फरशीवर पाय पसरून, मान लांबवून, डोळे मिटून बसले. धोतर नव्हते आणि वर्तमानपत्र नव्हते, इतकाच काय तो आमच्या तीर्थरूपांच्यात आणि त्यांच्यात फरक.

उजेडाचे प्रकरण याहून नाजूक. मी म्हटले, टेबल खिडकीपाशी ठेवा, ऊन फुकट आहे. तेव्हा नातीने मला समजाविले की, ज्या अतिनील किरणांनी कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते किरण खिडकीची काच आत येऊ देत नाही. आणि ते जीवनसत्त्व नसले की खाल्लेला चुना हाडांत व कवचात मुरत नाही, कवच मऊ पडते, जनावर वाकडे होते. म्हणून त्या किरणांची निराळी नळी लावावी लागते. या नळीचा एक चमत्कार असा की, साधारण वर्षाने तिच्यातील ते किरण क्षीण होतात, पण उजेड पूर्वीसारखाच लख्ख पडत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, सर्व काही यथास्थित चालू आहे. निवृत्तीनंतरही लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसविले जाणारे आमच्यापैकी अनेक अधिकारी याच प्रकारात मोडतात. नातीने नळीच्या टोपणावर तारीख लिहून ठेवली आहे. आमच्यावर कोणी लिहीत नाही.

संतांची ती कासवी मी या प्रसंगी कुटुंबाजवळ काढली. खरी कासवी अंडी मातीत पुरते आणि जी चालू लागते ती मागे वळूनही पाहत नाही, हे कळल्यावर तिने क्षणभर डाळीतली पळी थांबविली आणि म्हणाली, “संतांनी कासव पाहिलं नसेल, आई पाहिली होती.” यावर मी काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

हरमनपंतांचे टेबल यशस्वी झाल्यावर खात्याचा जुना संस्कार उफाळून आला. मी त्याच मापाची, त्याच नमुन्याची आणखी दोन टेबले करावयास घेतली. एकावेळी लाकूड कापले की खर्च वाचतो. जावई तर एक पाऊल पुढे गेले आणि म्हणाले की, तिघांना मिळून एकच मोठा दिवाणखाना का नसावा? ही सूचना घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई फार सौम्य होत्या. परंतु निरनिराळ्या खंडांतली कासवे एकत्र ठेवणे म्हणजे एकाच्या अंगात निरुपद्रवीपणे वसणारे रोगजंतू दुसऱ्याला मरणाच्या दारी नेण्यासाठी बहाल करणे होय, हे त्यांनी आम्हांला नीट बजाविले. शिवाय कासवाला सोबत लागत नाही. दोघे एकत्र ठेवले तर एक जण दुसऱ्याला कवचाने धडका देतो, पायांना चावतो, त्याच्या ताटात पाय देऊन उभा राहतो, आणि दुसरा काही न बोलता कोपऱ्यात बसून वाळत जातो. बाहेरून पाहणाऱ्यांना वाटते, किती गुण्यागोविंदाने नांदताहेत. मी एकत्र कुटुंबात वाढलेला माणूस आहे. बाईंना अधिक तपशील विचारण्याची मला गरज भासली नाही.

खानसाहेबांना मी तरीही हरमनपंतांचाच नमुना दिला. चार बोटे माती, एक कुंडी, एक फरशी. दुसऱ्या दिवशी सर्व माती एका कोपऱ्यात लोटून तिचा ढीग झालेला होता आणि उघड्या पडलेल्या फळीवर खानसाहेब पुढच्या पायांनी असे खरवडीत होते की, खालच्या मजल्यावर कुटुंबाला वाटले, मी अजून रंधा मारतो आहे. हा प्राणी आपल्या मुलखात वर्षाचा मोठा भाग जमिनीखाली काढतो. उन्हाळा जाळू लागला की बिळात, थंडी गोठवू लागली की बिळात. त्याला घर म्हणजे भिंती आणि छप्पर नव्हे. त्याला घर म्हणजे खोली, आणि तीही ‘खोल’ या अर्थाची. शेवटी मी टेबलाचा तळ खाली उतरविला आणि तीन भाग माती व दोन भाग वाळू अशी एक वीतभर जाडीची भर घालून, हाताने दाबून, किंचित ओलावून दिली. माती पिशवीतून विकत आणावी लागली. मी पिशवी खांद्यावर घेऊन घरी आलो तेव्हा कुटुंबाने दर विचारला आणि तो ऐकून रात्री राजापूरच्या भावाला फोन लावून, परसातली जमीन विकू नकोस, असे कळविले.

तरी खानसाहेब निघून गेलेच. त्यांनी कोपऱ्यात माती रचली, तिच्यावर उभे राहिले, दोन भिंतींच्या सांध्यात नखे रोवली आणि पलीकडे उतरले. मी चहा ओतून घेऊन वर येईपर्यंत टेबल रिकामे. ‘कूर्मगती’ हा शब्द आम्ही फायलींना लावीत असू, त्याबद्दल मी त्या अर्ध्या तासात मनोमन माफी मागितली. ते धुण्याच्या यंत्रामागे सापडले, शांतपणे भिंत उकरीत. दुसऱ्या खेपेस दैव इतके चांगले नव्हते: चढताना पाय निसटून ते दिव्याखाली उताणे पडले होते, चारी पाय हवेत, आणि नात शाळेतून दहा मिनिटे उशिरा आली असती तर काय झाले असते ते तिने मला रडत रडत सांगितले. उताण्या पडलेल्या कासवाला ते तापते ऊन चुकविता येत नाही. मी त्याच संध्याकाळी चारी कोपऱ्यांवर आत झुकणाऱ्या त्रिकोणी फळ्या ठोकल्या आणि दिवा भिंतींपासून दूर, सपाट जागेवर आणला. माझ्या नमुन्यात चार काटकोन होते. गुण्या लावून तपासलेले, निर्दोष काटकोन. ते कासवाला शिडीसारखे उपयोगी पडतात, हे गुण्या सांगत नाही.

खानसाहेबांविषयी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती कळल्यापासून मी त्यांना अधिक मानाने वागवितो. १९६८ च्या सप्टेंबरात रशियनांनी झोंड ५ नावाचे यान सोडले, त्यात याच जातीची दोन कासवे होती. चंद्राला वळसा घालून सुखरूप परत आलेले पृथ्वीवरचे हे पहिले प्राणी. अमेरिकन माणसे तेथवर पोहोचली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. यान उतरले आपल्या हिंदी महासागरात. कासवांचे वजन सुमारे एक दशांशाने घटले होते, पण भूक उत्तम होती. ज्याच्या भाऊबंदांना चंद्र रोखू शकला नाही त्याला माझ्या दीड फुटांच्या फळ्या काय रोखणार?

आता तांबडेबाई. त्यांच्या कार्डावर ‘तापमान २८, ओलावा ८०, झोप हिवाळी नाही, स्वभाव लाजाळू पण भुकेली’ असे लिहिलेले होते. ओलावा ८० टक्के म्हणजे काय हे कोकणी माणसाला आर्द्रतामापकाने सांगावे लागत नाही. आषाढात काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरते आणि चपला हिरव्या होतात, त्याचे नाव ओलावा ८०. बाईंना उघडे टेबल चालत नाही, कारण उघड्यावर वाफ ठरत नाही. त्यांना झाकणाचे, दारांचे, बंद कपाटासारखे घर लागते, आणि तळाशी ओलसर भुसा. तो भुसा आणावयास गेलो तेव्हा दुकानदाराने माझ्या हाती एक विटेएवढी, कागदात गुंडाळलेली वस्तू ठेवली. वजन ६५० ग्रॅम. कोमट पाण्याच्या बादलीत ती टाकली तेव्हा प्रथम काही झाले नाही. मग कडा सुटू लागल्या, वीट फुगली, तडकली, आणि पाहता पाहता बादलीभर तांबूस, मऊ, ओळखीच्या वासाचा भुसा वर आला. तो नारळाच्या सोडणांचा भुसा होता. ज्या सोडणांनी आमच्या परसात न्हाणीचा चुला पेटे, जी गडी नको म्हणून कुंपणापलीकडे फेकीत, तीच दाबून, बांधून, समुद्र ओलांडून येथे पौंडाला आली होती. मी कुटुंबाला हाक मारली. तिने बादलीत हात घातला, मूठभर भुसा नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही.

बाईंच्या आहाराचा प्रश्न तिनेच हाती घेतला. हरमनपंत व खानसाहेब यांना फळ वर्ज्य. त्यांना अंगणातला डँडेलियन, म्हणजे आपल्या पाथरीची गोरी मावसबहीण, आणि असलीच रानभाजी. उलट बाईंना पपई चालते, केळे चालते, अळंबी तर फारच आवडते आणि अधूनमधून थोडे सामिष झाले तरी त्या नाही म्हणत नाहीत. कुटुंबाने एकदा एकादशीचे केळे तिघांना सारखे वाटण्याचा प्रयत्न केला असता नातीने हरमनपंतांच्या तोंडातून ते काढून घेतले. “आजी, त्यांचं पोट वेगळं आहे.” “एवढंसं केळं गं!” “आजी.” देवळातल्या कासवाला जन्मभर फुले वाहिलेल्या बाईला कासवाचा नैवेद्य परत घेणे जड गेले.

बंद घर बांधताना मी हरमनपंतांच्याच प्लायवूडची उरलेली पाने वापरली. नमुना तोच, वर झाकण आले इतकेच. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी नात माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, तांबडेबाईंच्या भिंतीला ओल आलीय.”

मी जाऊन पाहिले. पाने फुगून त्यांचे पदर सुटले होते, कोपऱ्यात पांढरी बुरशी धरली होती, आणि कपाटाचे दार चौकटीत असे अडकले होते की ते उघडण्यास पटाशी घालावी लागली. बाई आतल्या कोपऱ्यात मान आखडून बसल्या होत्या. मी पंचनामा करण्याच्या उद्देशाने खिशातून पेन्सिल काढली, आणि भिंतीवर बोट टेकवले तो बोट आत गेले. लाल शाईच्या त्या सुबक अक्षराची मला आठवण झाली; त्या कारकुनाचे नाव मात्र काही केल्या आठवेना. त्याला दोन मुली होत्या, की तीन?

दुसरे घर बांधावयास चार दिवस लागले, कारण पहिला दिवस मी काहीच न बांधता बाईंसमोर बसून काढला. त्या कोठे बसतात, पाण्याच्या परळात कितीदा उतरतात (उतरतात, आणि तेथेच सर्व विधी उरकतात), उजेड झाला की कोणत्या बाजूला तोंड फिरवितात, हे सर्व टिपून घेतले. मग आतून तळ्यात घालतात ते रबरी अस्तर भिंतींना चढविले, सांधे भरले, हवेसाठी वर-खाली जाळ्या ठेवल्या, दिवा मंद केला, आणि रात्रीची ऊब उजेडाविना मिळावी म्हणून चिनी मातीचा तापणारा गोळा बसविला. अंदाजपत्रकाच्या दुप्पट खर्च आला. जावयांनी तो विनातक्रार मंजूर केला. ते खात्यात असते तर टिकले नसते.

एवढ्यात कार्तिक उजाडला आणि हरमनपंतांनी जेवण सोडले. हा आजार नव्हे. हिवाळ्यात निजणे हा त्यांचा वंशपरंपरेचा शिरस्ता आहे. सेल्बोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८० साली आत्याकडून वारशाने आलेली टिमथी नावाची कासवी दर कार्तिकात जमिनीत शिरे आणि चैत्रात वर येई. पुरुष म्हणून वावरलेली टिमथी मादी होती हे तर तिच्या मृत्यूनंतर कळले. पण बागेतली थंडी आता भरवशाची राहिली नाही. गोठणबिंदूखाली गेली तर डोळे जातात, १० अंशांवर गेली तर जाग येते, आणि मधली ५ अंशांची थंडी अडीच महिने अखंड देणारी एकच वास्तू आज घरोघरी आहे. ती म्हणजे फ्रिज.

गॅरेजमध्ये जावयांचा एक जादा फ्रिज होता, त्यात त्यांची बिअर असे. बिअर बेदखल झाली. हरमनपंतांना कोमट पाण्यात स्नान घालून, पोट रिकामे झाल्याची खात्री करून, वजन नोंदवून, भोके पाडलेल्या खोक्यात मातीत निजविले आणि खोके मधल्या फळीवर ठेवले. रोज एकदा दार उघडून शिळी हवा बाहेर घालविणे व आठवड्यास वजन घेणे, हे काम माझ्याकडे आले. माझ्या हयातीतील सर्वांत काळजीपूर्वक बांधलेली वास्तू, ओटी-माजघरासह, वेल्सच्या फरशीसह, वरच्या मजल्यावर रिकामी पडली. आणि पंत मात्र कोणा कंपनीने ठोकून पाठविलेल्या पांढऱ्या पेटीत सुखाने निजले. रिकाम्या टेबलावर जावयांनी बिअरच्या बाटल्या नीट ओळीने मांडल्या. दिवा मात्र मी बंद केला.

पौषात लेस्टरला ऊन चारच्या सुमारास संपते. मला सांधेदुखी, कुटुंबाला सर्दी, आणि घरातील उष्णतेचे यंत्र विजेचे बिल पाहून मधूनच बंद होणारे. अशा एका दुपारी तांबडेबाईंचे परळ बदलावयास म्हणून मी मागच्या खोलीत गेलो, आणि बाईंच्या कपाटाचे दार उघडताच ती ऊब, तो सोडणांचा वास, तो पावसाळी दमटपणा अंगावर आला. मी स्टूल जवळ ओढले. बाई अळंबी खात होत्या. दुसऱ्या दिवशी स्टुलाची आरामखुर्ची झाली, तिसऱ्या दिवशी खुर्चीवर शाल आली, आणि आठवड्याभरात माझे वर्तमानपत्र, चष्मा व अमृतांजन हे सर्व तेथेच राहू लागले. कुटुंब चहा घेऊन तिकडेच येई. दाराशी क्षणभर थांबून म्हणे, “माहेरी आल्यासारखं वाटतं हो,” आणि मग चहा गार होईपर्यंत तीही बसे.

एका रविवारी मी डुलकीतून जागा झालो तो खुर्चीच्या पाठीला काहीतरी टोचत होते. हात मागे नेऊन काढले, तर पुठ्ठ्याचे कार्ड. ‘नाव: आबा. मूळ गाव: राजापूर. तापमान: २८. ओलावा: ८०. आहार: चहा, पोहे, फळ चालते. झोप: दुपारी, हिवाळी पण. स्वभाव: शांत.’ त्यातला ‘शांत’ हा शब्द कोणी तरी पेन्सिलीने खोडला होता, आणि शेजारी, नातीच्या नव्हे अशा घोटीव, जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिले होते: ‘पाहणी चालू आहे.’